विहिरीतलं वजन

लखीराम राठोडला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो कडुनिंबाखाली दगड उचलत होता. उचलायचा, खाली ठेवायचा, मग चार पावलं चालून उन्हात यायचा आणि तोच दगड पुन्हा उचलून बघायचा. ही जून सत्तावन्नची गोष्ट. आर्णीपासून सात-आठ मैलांवरच्या त्या तांड्यात तालुक्याच्या जनपद सभेची एकशिक्षकी शाळा निघाली होती आणि तो एक शिक्षक म्हणजे मी. दारव्ह्याहून ट्रंक आणि वळकटी घेऊन आलेलो, वय बावीस, मॅट्रिकला सायन्स घेतल्याची घमेंड डोक्यात. माणूस खुळा आहे असं मी धरूनच चाललो. शेजारी शेण थापत बसलेल्या बाईला तसं विचारलंही. ती त्याची बायको भुरीबाई निघाली. "खुळा नाई, गुरुजी," ती हातातलं काम न थांबवता म्हणाली. "तो आभाळ मोजून राह्यला."

लखीरामचं म्हणणं असं होतं की वस्तू खाली पडते ती धरती ओढते म्हणून नव्हे, आभाळ दाबतं म्हणून. धरतीला हात कुठे आहेत ओढायला? आभाळ मात्र सगळ्यांना दिसतं, चहूकडून आहे आणि डोक्यावरच आहे. जिथे आभाळ मोठं तिथे दाब मोठा आणि ओझं जड. जिथे आभाळ अरुंद तिथे ओझं हलकं. मग घरात काय होतं, घरात तर आभाळ दिसतच नाही, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला की छपरातून दाब येतो, पण गाळून येतो. हसू आलं मला. पण घरात दगड उचलून मी एकदा पाहिला हेही खरं, आणि कुणाला सांगितलं नाही.

हे त्याला आज्याकडून मिळालं होतं. शे-दीडशे बैलांच्या पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादून मुलूखभर फिरणारे जे लमाण होते, त्यांतला तो आजा. आगगाडी आली, रस्ते झाले, लदेणी बंद पडली आणि तांडा त्या टेकडीच्या पायथ्याशी बसला तो बसलाच. आजा कापसाची पराटी पेरायला शिकला, पण बोलायचा बैलांबद्दलच. त्यानं नातवाला सांगितलं होतं की उघड्या माळावर जी गोण बैलाला वाकवते, तीच दोन डोंगरांच्या खिंडीत शिरली की हलकी होते आणि बैल न हाकता पाय उचलतात. कारण खिंडीत आभाळ अरुंद असतं. खिंडीत सावली असते, गारवा असतो, पुढच्या पाण्याचा वास येतो, म्हणून बैल चालतात, हे मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं. लखीरामनं शांतपणे विचारलं की आजा तीस वर्षं बैलांमागे चालला, तुम्ही किती चाललात?

मी पुस्तकातल्या सफरचंदाची गोष्ट काढली. तांड्यात कुणी सफरचंद पाहिलेलं नव्हतं. मीही तोवर खाल्लं नव्हतं, पण ते मी बोललो नाही. गोष्ट ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "ओढते म्हनता ना, ते कायनं ओढते?"

गुरुत्वाकर्षणानं, असं मी सांगितलं. म्हणजे काय, असं त्यानं विचारलं. म्हणजे ओढण्याची शक्ती, असं मी सांगितलं. तो मोठ्यानं हसला. "गुरुजी, तुमचं पुस्तक तर घाण्याचा बैल झालं. फिरून फिरून तिथंच."

मला राग आला तो आठवडाभर गेला नाही. राग येण्याचं कारण सरळ होतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण मग तोच पाटी घेऊन शाळेत यायला लागला. पस्तिशीचा माणूस, डोक्याला पागोटं, पोरांच्या मागे मांडी घालून बसायचा आणि अंक गिरवायचा. त्याला वाचता येण्यापेक्षा आकडे लिहिता येण्याची घाई होती, दगडांची वजनं मांडून ठेवायला. मी त्याला लखीरामभाऊ म्हणू लागलो. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसून वाद घालणं हाच माझा तांड्यातला विरंगुळा झाला. त्याची धाकटी बहीण धुरपताबाई त्याच तांड्यात पवारांच्या घरी दिली होती. तिचा नवरा उत्तमसिंग कधीमधी वादात येऊन बसायचा. आडव्या अंगाचा, कमी बोलणारा गडी. मेहुण्याचं आभाळ त्याला फार आवडायचं. ज्या दिवशी नांगरून दमायचा त्या दिवशी म्हणायचा, आज आभाळ लय भरलं होतं.

आता मी जे केलं ते सांगतो. त्या हिवाळ्यात दारव्ह्याला घरी गेलो असताना हायस्कूलच्या एका जुन्या पुस्तकात मी वाचलं की पृथ्वीच्या पोटात जसजसं खोल जावं तसतसं वस्तूचं वजन कमी होतं, आणि अगदी मध्यावर ते उरतच नाही. परत आल्यावर मी हे लखीरामला सांगितलं. वाद जिंकायचा म्हणून नव्हे, उलट त्याला खूश करावं म्हणून. तो उठून उभाच राहिला. म्हणजे विहिरीत वजन कमी असतं, हे पुस्तकही म्हणतं? मी म्हणालो, हो, म्हणतं. किती कमी, ते मी सांगितलं नाही. मध्य चार हजार मैल खाली आहे आणि विहीर फार तर पंचवीस हात, तेव्हा तो फरक मुंगीच्या पायाएवढाही नाही, हे मला त्या पुस्तकाच्या त्याच पानावरून कळलं होतं. पण त्याच्या तोंडावरचा आनंद इतका मोठा होता आणि मी इतका शहाणा ठरलो होतो की 'किती' हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

अठ्ठावन्नच्या वैशाखात तांड्यानं विहीर काढायला घेतली. बायका मैलभर लांब नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणत होत्या. माती लवकर निघाली, मग काळा खडक लागला. सुरुंग लावून दगड फोडायचे, खाली उतरलेल्यानं ते दोराला बांधायचे आणि वर चाकावरून बैलांनी ओढायचे. या कामात तांड्याची एक रीत होती. जो विहिरीत उतरतो त्यानं वर पाहायचं नाही. डोळ्यात खडी जाते आणि मन कच्चं होतं. दोर पाहायचा तो वरच्यानं. म्हणून वर कोण उभं राहणार हे खालचा माणूस ठरवतो, आणि तो बायकोच्या भावालाच उभं करतो. ज्याच्या बहिणीचा चुडा खाली उतरलाय, त्याच्याइतकं दोराकडे दुसऱ्या कुणाचं लक्ष असणार? उत्तमसिंग खाली उतरला आणि वर लखीराम उभा राहिला.

दोर म्हणजे मोटेचा जुना नाडा होता. दगडाच्या बांधापासून चार हातांवर तो चाकानं घासून बारीक झाला होता. नवा नाडा आर्णीच्या बाजारातून यायचा होता, दोन दिवसांनी. त्या दिवशी रविवार म्हणून मीही तिथे होतो. सात दगड वर आले. आठवा मोठा होता. उत्तमसिंगनं तो बांधला आणि मान खाली ठेवूनच विचारलं, नाडा कसा आहे, का राहू द्यायचा आजचा दिवस?

लखीरामनं नाडा हातात घेऊन पाहिला. त्याला तो बारीक भाग दिसला. मलाही दिसला. मग तो विहिरीत वाकून म्हणाला, "खाली आभाळ थाळीयेवढं हाये. दगड हलकाच असते तिथं. येते." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हाव ना, गुरुजी?"

मी हो म्हणालो.

दगड वर येत आला. काठापासून चार हात राहिला तेव्हा नाडा चाकावर तुटला. खाली उत्तमसिंग रीतीप्रमाणे कडेला सरकून उभा होता, पण दगड मध्ये एका कंगोऱ्यावर आपटला आणि कडेलाच गेला. उत्तमसिंगला वर काढायला जो दोर लागला तो शेजारच्या गावाहून आणावा लागला. तोवर लखीराम विहिरीच्या काठावर तुटका नाडा हातात धरून बसला होता.

धुरपताबाई तेव्हा अठ्ठावीसेक वर्षांची असेल. तांड्यातल्या बायका जवळचं माणूस भेटलं की गळ्यात पडून सुरात रडतात, रडता रडता काय काय घडलं ते सगळं सांगतात. दु:ख असं सांगूनच संपवायचं असतं. ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. तांड्याचा प्रमुख जो नायक त्याच्या बायकोच्या, जावेच्या, भुरीबाईच्याही. भाऊ समोर आला तेव्हा तिनं पदर ओढून घेतला आणि तोंड मिटलं. दंडावरचा चुडा उतरवताना तो उंबऱ्याबाहेर उभा होता, तेव्हाही ती बोलली नाही. त्यानंतर आठ वर्षं ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. त्याच्या दारावरून रोज जायची, पण मान वळवायची नाही.

तांड्यानं पंचायत बसवली. लखीरामला कुणी बाहेर टाकलं नाही. नाडा जुना होता, होणारं झालं, असं म्हणून नायकानं मिटवलं. पण लखीराम उठून म्हणाला की नाड्यात दोष नव्हता. नाड्यानं एकवीस हात तोच दगड आणला ना? मग शेवटच्या चार हातांतच का तुटला? कारण दगड विहिरीच्या तोंडाशी आला, आभाळ एकदम मोठं झालं आणि त्यानं दगडावर झडप घातली. वजन हळूहळू वाढेल असं त्याला वाटलं होतं, ते एकदम वाढतं हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या आज्यालाही नव्हतं. पुस्तकालाही नव्हतं.

घासलेला भाग चाकावर आला म्हणून नाडा तुटला. शेंबड्या पोरालाही ते दिसलं असतं. पंचायतीत कुणी काही बोललं नाही, मीही नाही. बोललो असतो तर मला माझं 'हो' सांगावं लागलं असतं.

तेव्हापासून आभाळ त्याच्या करमणुकीचं राहिलं नाही. आधी त्याचं म्हणणं खोटं ठरलं असतं तर त्यानं हसून दुसरं काही शोधलं असतं. आता ते खरंच ठरायला हवं होतं. दगडाचं वजन वाढलं असेल तर आभाळानं मारलं. वाढलं नसेल तर त्यानं बहिणीच्या नवऱ्याला मारलं होतं, उघड्या डोळ्यांनी नाडा बघून. मधलं काही नव्हतं. त्याची शेती भुरीबाई बघू लागली. तो दगड, पाटी आणि विहीर यांच्यामध्ये फिरत राहिला. विहीर दुसऱ्यांनी पुरी केली, पाणी गोड लागलं. धुरपताबाई त्या विहिरीकडे फिरकणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. पहिल्याच दिवसापासून ती तिथूनच पाणी भरू लागली.

माणूस बुद्धीनं कमी असता तर माझं ओझं हलकं झालं असतं. पण तो हुशार होता. साठ साली त्यानं कापूसवाल्याकडून तराजू मागून आणला. एक दगड काठावर तोलला, मग तराजू, दगड आणि वजनं घेऊन दुसऱ्या माणसाला पायऱ्यांनी खाली धाडलं. तो स्वत: विहिरीत उतरत नसे आणि दोराला हात लावत नसे. खाली दगड तेवढाच भरला. मला वाटलं, सुटला एकदाचा. लखीराम तिसऱ्या दिवशी शाळेत येऊन म्हणाला की तराजूनं हे कळणारच नाही. आभाळ दगड दाबतं तसं पारड्यातली वजनंही दाबतंच ना? दोन्ही सारखीच हलकी होणार. हे त्यानं स्वत:च्या डोक्यानं शोधलं. माझ्या वर्गात बसून हे शोधणारा दुसरा विद्यार्थी मला तीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नाही, आणि याच्या हुशारीचा उपयोग काय झाला तर सुटायची एक वाट बंद झाली.

मग तो मला पोस्टकार्डं लिहायला लावू लागला. नागपूरच्या, अमरावतीच्या कॉलेजांतल्या सायन्सच्या प्राध्यापकांना. तो सांगायचा, मी लिहायचो. "आमच्या तांड्यात असे घडले आहे. आभाळ दाबते की धरती ओढते, हे कृपा करून कळवावे. एका बाईला सांगायचे आहे." शेवटचं वाक्य प्रत्येक कार्डात असायचं. मी एकदा ते गाळलं. त्यानं कार्ड हातात घेऊन अक्षर अक्षर लावून वाचलं आणि परत घालायला लावलं. त्याला तोवर वाचता येत होतं, मीच शिकवलं होतं. पंधरा-सोळा कार्डं गेली असतील. उत्तर येत नव्हतं. त्यांची तरी काय चूक, असली पत्रं त्यांना रोजची असणार.

चौसष्टच्या दिवाळीनंतर एक उत्तर आलं. नागपूरच्या कुणा प्राध्यापकांनी चांगल्या अक्षरात लिहिलं होतं. तुमचा प्रश्न चुकीचा नाही, वस्तू का ओढली जाते हे शास्त्रालाही पुरतं माहीत नाही. पण विहिरीत वजन कमी होतं का, हे तराजूनं न पाहता स्प्रिंगच्या काट्यानं पाहा, कारण स्प्रिंगला आभाळाशी देणंघेणं नसतं. तुमच्या विहिरीत फरक दिसणार नाही असं मला वाटतं, पण माझ्यावर विश्वास न ठेवता पाहा.

टपाल शाळेच्या पत्त्यावर यायचं. मी ते कार्ड ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवलं आणि लखीरामला काही सांगितलं नाही. दीड वर्ष. मी स्वत:ला समजावत होतो की त्याच्यावर दया करतोय. थोडी दया होतीही. पण काटा एकदा खाली आणि वर सारखा दिसला की तो माझ्याकडे वळून बघेल आणि विहिरीवरचं माझं 'हो' त्याला आठवेल, ही भीती दयेपेक्षा पुष्कळ मोठी होती. तो दर शनिवारी यायचा. "आलं काय काही?" मी नाही म्हणायचो. मग तो पायरीवर बसून चिलीम ओढायचा आणि तेवढ्यात धुरपताबाई घागर घेऊन समोरून गेली की चिलीम खाली ठेवायचा.

सहासष्टच्या एप्रिलात माझ्या बदलीचा कागद आला. दारव्ह्याजवळच मिळाली होती, घरचे आनंदले. मी ट्रंक भरायला काढली आणि ते कार्ड हाताला लागलं. ते तिथे ठेवून मला झाकण लावता येईना. फाडावं म्हटलं, तेही होईना. त्याच आठवड्यात मी दारव्ह्याच्या हायस्कूलमध्ये जाऊन तिथल्या ओळखीच्या मास्तरांकडून स्प्रिंगचा काटा मागून आणला, दहा किलोपर्यंतचा, पितळी तबकडीचा.

लखीरामच्या ओट्यावर बसून मी त्याला कार्ड वाचून दाखवलं. तारीखही वाचली. मग पुस्तकातलं ते पान सांगितलं, चार हजार मैल सांगितले, आणि किती कमी होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं हे सांगितलं. तो चिडेल, मारेल, काहीही करेल असं मला वाटलं होतं आणि त्याची मी तयारी केली होती.

तो बराच वेळ काट्याची तबकडी बोटानं पुसत राहिला. मग म्हणाला, "तुमी लहान होते, गुरुजी." एवढंच. तेव्हापासून आजपर्यंत मला कुणी काही बोललं तरी एवढं लागलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विहिरीवर गेलो. वैशाखच होता, पाणी तळाला गुडघाभर. उत्तमसिंगवर पडलेला दगड त्यानं मागितला नाही, पण त्याच काळ्या खडकातला एक लहान दगड निवडला आणि सुतळीत बांधला. मी म्हटलं, खाली मी उतरतो. तो नको म्हणाला. आठ वर्षांत पहिल्यांदाच तो विहिरीत उतरत होता. पायऱ्या अरुंद होत्या, एका हातात काटा आणि दगड. जाताना त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. तळाशी पोचल्यावर काठावरून मला त्याचं पागोटं आणि तबकडीची चकाकी एवढंच दिसत होतं. आकडा फक्त त्यालाच दिसत होता. तो काहीही ओरडून सांगू शकत होता आणि तांड्यात त्याला खोटं म्हणणारं कुणी नव्हतं. सात म्हण, मी मनात म्हणत होतो. साडेसहा म्हण.

"साडेसात," तो खालून म्हणाला.

याच वेळी धुरपताबाई बादली आणि दोर घेऊन आली. मला बघून ती थांबली, मग विहिरीत कोण आहे हे तिला दिसलं. ती परत गेली नाही. बादली काठावर टेकवून उभी राहिली. लखीराम वर आला, धापा टाकत. बहीण उभी आहे हे त्यानं पाहिलं आणि काटा माझ्या हातात दिला. त्याच्या धापेनं काटा हलला असता. मी भर उन्हात, पुऱ्या उघड्या आभाळाखाली, हात लांब करून दगड धरला. काटा थरथरला आणि साडेसातवर उभा राहिला.

मी आठ म्हणालो.

का म्हणालो, ते मी आधी ठरवलं नव्हतं. पहिलं 'हो' त्याला बुडवून गेलं होतं, या दुसऱ्या खोट्यानं तरी तो तरावा असं काहीतरी झालं असेल. लखीराम माझ्याजवळ आला, वाकला आणि तबकडीला नाक लावून बघितलं. मग सरळ होऊन, माझ्याकडे न बघता, बहिणीकडे तोंड करून बोलला.

"आठ नाई, धुरपता. साडेसातच हाये. खालीबी साडेसात, वरबी साडेसात. नाडा घासला होता. मले दिसला होता."

मी काटा खाली ठेवला. धुरपताबाई काही वेळ त्याच्याकडे बघत राहिली, आठ वर्षांचं बघणं राहिलेलं असावं तसं. मग ती बोलू लागली, त्यांच्या बोलीत. मला तोवर ती बोली कळत होती, इथे वऱ्हाडीत सांगतो.

"मले माईत होतं, भिया," ती म्हणाली. "आठ वर्षं मी याच इहिरीचं पानी ओढून राह्यली. पान्यात हाये तोवर बादली हलकी असते. पान्याभायेर निघाली का लय जड. मंग हात हात वर येते तशी हलकी होत जाते, दोर कमी होते ना. काठापाशी तर सगळ्यात हलकी. रोज चाळीस बादल्या. तू कार्डं धाडली, तराजू आनला, साऱ्या दुनियेले इचारलं. पानी भरनाऱ्या बाईले कोनी इचारलं नाई."

लखीराम काठावर खाली बसला. त्यानं विचारलं, मग बोलली का नाहीस?

"कशी बोलू? तोंड उघडलं असतं तर पयले हेच निंगालं असतं. मंग तू काय धरून जगला असता?"

आठ वर्षं आम्ही सगळ्यांनी त्या मिटलेल्या तोंडाला राग म्हटलं होतं. मी तर एकदा तिला दगडाच्या काळजाची बाई म्हणालो होतो, भुरीबाईसमोर. 

धुरपताबाईनं बादली विहिरीत सोडली. खाली पाण्याचा आवाज झाला, दोर ताठ झाला. मग तिनं दोर भावापुढे धरला. तो बसल्या जागी मागे सरकला. तिनं त्याचा हात धरून दोर त्यात ठेवला आणि आपला हात काढून घेतला.

"ओढ," ती म्हणाली. "म्या पाह्यला दोर. चांगला हाये."

तो उठला. पाय रोवून ओढू लागला, एक हात, मग दुसरा हात, फार सावकाश. मध्येच थांबला आणि दोर हातात नुसता तोलून पाहिला. पुन्हा ओढू लागला. बादली काठाशी आली तेव्हा ती धुरपताबाईनं धरली, खाली ठेवली आणि त्याच्या गळ्यात पडली. मग ती सुरात रडू लागली, उत्तमसिंग त्या सकाळी भाकर अर्धी टाकून कसा गेला इथपासून. ते सगळं सांगायला तिला फार वेळ लागला. मी काटा उचलला, दगडाची सुतळी सोडली आणि शाळेकडे निघालो.